कट्टा बंद होता तेव्हा: महामारी, मैत्री आणि तरुण मन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यातल्या एका कॉलेजात समुपदेशक आहे. एप्रिल २०२० मध्ये माझा नंबर विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला आणि तेव्हापासून प्रश्न येताहेत. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ ला उठवली. प्रश्न मात्र थांबले नाहीत, फक्त विचारणाऱ्यांचं वय वाढलं. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवलेत, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. मुलांना मी 'तू' म्हणते, पालकांना 'तुम्ही'. इथंही तसंच.

१. घरात आई-वडील, आजी, भावंडं सगळे होते. मित्र भेटले नाहीत तर एवढं काय बिघडलं?

साधारण दहाव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत माणूस घरातून हळूहळू सुटा होत असतो. आपण कसे आहोत हे तो या काळात मित्रांच्या चेहऱ्यावर वाचतो. आई 'माझं बाळ हुशार' म्हणाली तर ते खात्यावर जमा होत नाही. शेजारच्या बाकावरचा 'भारी केलंस रे' म्हणाला की होतं. तीन संशोधकांनी जून २०२० मध्येच 'लॅन्सेट'च्या किशोर-आरोग्यविषयक नियतकालिकात इशारा दिला होता, की या वयात समवयस्कांपासून तुटणं प्रौढांच्या तुटण्यापेक्षा जास्त लागू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्च २०२२ च्या आढाव्यानुसार महामारीच्या पहिल्या वर्षात जगभरात नैराश्य आणि चिंताविकारांचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं आणि त्यात तरुण आणि स्त्रिया जास्त भरडल्या गेल्या.

हे सगळं मित्र न भेटल्यामुळेच झालं, असं मात्र कुणी म्हणत नाही. आजारपण होतं, मृत्यू होते, बापाची नोकरी गेलेली होती. मैत्री एरवी हे धक्के थोडे झेलते. नेमकी तीच त्या वेळी जागेवर नव्हती.

२. पण मित्र तुटले कुठे? फोन तर चोवीस तास हातातच होता.

फोन करायला कारण लागतं. कट्ट्यावर यायला लागत नाही.

एका मुलाने सांगितलेलं सांगते. चौघांचा ग्रुप, कॉलेजसमोरची टपरी, चार कटिंग. लॉकडाऊनमध्ये ग्रुपवर रोज मीम पडत होते, रविवारी व्हिडिओ कॉल होत होता, सगळं नीट. चार महिन्यांनी कळलं की चौघांपैकी एकाच्या वडिलांचं काम एप्रिलमध्येच सुटलं होतं. हा मुलगा मला म्हणाला, "मॅडम, टपरीवर असतो ना, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पैसे द्यायच्या वेळी तो बूट बांधायला खाली वाकला असता."

महामारीने नेमकं हे नेलं. विषय नसताना शेजारी बसणं, आणि त्यातून समोरच्याचं न सांगितलेलं दिसणं. व्हिडिओ कॉलमध्ये खांद्यापासून वरचा माणूस दिसतो आणि तोही तयार होऊन बसलेला असतो.

आपल्याकडे अशा बिनकामाच्या भेटींच्या ठरलेल्या जागा असतात. दहीहंडीचा सराव, ढोलपथकाची तालीम, मंडळाचा मांडव. सार्वजनिक दहीहंडी २०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षं झाली नाही, आणि २०२० मध्ये 'लालबागचा राजा'सुद्धा बसला नाही. मांडवात रात्री पत्ते कुटत बसणारी पोरं आपल्या मनातलं दुसऱ्या कुठल्याच जागी बोलत नाहीत. त्यांचं काय झालं असेल, हा प्रश्न मला अजून पडतो.

३. मग व्हिडिओ कॉल, गेम, चॅट यांचा काहीच उपयोग नव्हता का?

होता, पण सरसकट नव्हता. कॅनडात १,०५४ किशोरांचा एक अभ्यास २०२० मध्ये झाला. मित्रांशी ऑनलाइन संपर्कात असणाऱ्यांना एकटेपणा कमी वाटत होता. गंमत अशी, की तोच वेळ जसा वाढत होता तशी नैराश्याची लक्षणंही जास्त दिसत होती. म्हणजे ऑनलाइन बोलण्यामुळे नैराश्य आलं, की आधीच खचलेली मुलं जास्त ऑनलाइन होती? एका वेळच्या पाहणीतून ते ठरवता येत नाही. संशोधकांचं म्हणणं इतकंच, की किती वेळ बोलतात यापेक्षा त्या बोलण्यातून आधार मिळतोय का ते बघा.

माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. बोलण्यासोबत हाताला काही काम असेल तर कॉल टिकतो. लूडो किंग त्या काळात घराघरांत का पोचलं, त्याचं एक कारण हेच असणार. सोंगटी पुढे सरकत असते आणि मधेच कुणीतरी 'आजी दवाखान्यात आहे' म्हणून जातो. मुलांसाठी पबजी हेच करत होतं. २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली तेव्हा पालकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच आठवड्यात मला तीन मुलांचे फोन आले. तिघांचंही एकच: "आता रात्री कुणाशी बोलू?" खेळाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं.

४. ज्याचे मित्र जास्त, तो जास्त सुरक्षित, असं आहे का?

नाही. एक घट्ट मित्र पुष्कळदा पुरतो, आणि २५६ जणांच्या ग्रुपवरही माणूस एकटा पडतो. ऑस्ट्रेलियात १३ ते १६ वयाच्या २४८ मुलामुलींना महामारीआधी आणि लॉकडाऊनमध्ये असे दोनदा प्रश्न विचारले गेले. उदासी आणि चिंता वाढलेली दिसली, मुलींमध्ये जास्त. पण 'आपण जोडलेले आहोत' असं ज्यांना आतून वाटत होतं, त्यांची पडझड कमी होती.

५. माझा मुलगा लॉकडाऊनमध्ये उलट खुलला. शाळा सुरू झाल्यावर कोमेजला. हे कसं?

हा अपवाद वाटतो तितका दुर्मीळ नाही. शाळेत ज्याला चिडवतात, डबा हिसकावतात, जाडीवरून, रंगावरून किंवा बोबड्या बोलण्यावरून हाक मारतात, त्याच्यासाठी मार्च २०२० ही सुट्टी होती. अबोल मुलांनाही एकटं असणं आणि एकटं वाटणं यांतला फरक त्या काळात अनुभवायला मिळाला, आणि त्यांना एकटं असणं आवडलं.

तेव्हा आधी एक शोधा. तो खुलला तो कशापासून सुटका मिळाल्यामुळे? त्रासापासून सुटला असेल, तर शाळेशी बोलायचं काम तुमचं आहे. 'जा, मिसळ' असा धोशा त्याला लावू नका. पण तो सगळ्याच माणसांपासून सुटला असेल, आवडीच्या एकुलत्या एक मित्राचाही फोन उचलत नसेल, तर ते खुलणं नव्हे. तेव्हा प्रश्न १० पाहा.

६. मुलींना आणि मुलांना वेगळा त्रास झाला का?

हो, आणि त्याचा संबंध स्वभावापेक्षा फोनशी होता. घरात एक स्मार्टफोन असला की तो आधी भावाच्या तासाला जायचा. मुलीच्या वाट्याला तो रात्री नऊनंतर यायचा, तोही आईच्या समोर, एका खोलीच्या घरात. मैत्रिणीशी काय बोलणार? 'जेवलीस का' आणि 'अभ्यास झाला का'. एका मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने यावर तोड काढली होती. पाणी भरायची वेळ दोघींनी एकच ठरवली. नळावर दहा मिनिटं, मास्क लावून, हातभर अंतर ठेवून. वर्षभर त्या दोघींची मैत्री दोन कळश्यांवर चालली.

मुलांचं दुखणं निराळं. त्यांना फोन होता, बाहेर पडायची थोडी मुभाही होती, पण 'मला बरं वाटत नाहीये' असं मित्राला म्हणायची सवय नव्हती. कट्ट्यावर ते न म्हणताही भागायचं. फोनवर भागेना.

७. मैत्रीण अचानक गायब झाली. फोन बंद, ग्रुपमधूनही गेली. कुणी म्हणतं लग्न लावलं. मी काय करायला हवं होतं?

हे विचारणाऱ्या मुली तेव्हा नववी-दहावीत होत्या. शाळा बंद, कमाई बंद, लग्न चार माणसांत आणि कमी खर्चात उरकतं, या हिशेबाने त्या काळात बऱ्याच घरांनी मुलींची लग्नं लावली. तू पंधरा वर्षांची होतीस. तुझ्या हातात फार काही नव्हतं.

आज असं काही कळलं तर मात्र आहे. १०९८ हा क्रमांक मुलांसाठीच आहे, आपलं नाव न सांगताही कळवता येतं. २००६ च्या कायद्याने मुलीचं १८ आणि मुलाचं २१ च्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, आणि आपल्याकडे गावात ग्रामसेवकाकडे ते रोखण्याची जबाबदारी आहे. लग्न झालेलं असलं तरी मैत्रिणीशी संबंध ठेव. सासरी गेलेल्या मुलीला जुनी मैत्रीण काय असते, ते आपल्या आयांना विचारून बघ.

८. आम्ही दोघी रोज दोन-दोन तास बोलायचो, एकमेकींना सगळं सांगायचो. तरी मी जास्तच खचत गेले. जवळच्या मैत्रीने बरं वाटायला हवं ना?

फार चांगला प्रश्न, आणि पेचाचाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये या प्रकाराचा अभ्यास मांडला. दोघं मिळून एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसणं. चंदनासारखं उगाळायचं, आणि दर वेळी थोडं जास्त झिजायचं. त्यांना दिसलं ते असं, की अशा बोलण्याने मैत्री घट्ट होते आणि सोबत उदासीही वाढते. दोन्ही एकदम. म्हणून ते ओळखू येत नाही. फोन ठेवताना 'किती जवळची आहे ही' असं वाटतं आणि रात्री झोप लागत नाही.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, दुसऱ्या लाटेत, हे मी पुष्कळ ऐकलं. बेड नाही, ऑक्सिजन नाही, रेमडेसिविर नाही, हेच आकडे दोघी रोज एकमेकींना वाचून दाखवायच्या.

बोलणं थांबवू नकोस, त्याला वळण दे. एक गोष्ट एकदा पूर्ण सांगून झाली की तिसऱ्यांदा तीच आली तर दोघींपैकी कुणीतरी म्हणायचं, 'हे झालं आपलं. आता उद्या काय करणार?' करण्यासारखं काहीच नसेल तर भाजी निवडत बोला, गच्चीवर चालत बोला. एका जोडीने ठरवलं होतं की पहिली वीस मिनिटं रडगाणं, मग एकमेकींना इंग्रजीचा धडा वाचून दाखवायचा. धडा कंटाळवाणा होता. चाललं.

९. मित्राचे वडील कोविडने गेले. काय बोलावं ते सुचेना म्हणून मी फोनच केला नाही. आता चार वर्षं झाली. आता करणं बरं दिसेल का?

कर.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे, म्हणून थोडं सविस्तर. आपल्याकडे दुःखात काय बोलायचं हे सहसा ठरवावं लागत नाही. माणसं जातात, बसतात, बाया चहा करतात, पोरं खुर्च्या मांडतात. तरुण मुलगा मित्राच्या दारात चप्पल काढतो आणि भिंतीला टेकून उभा राहतो. त्याचं तेवढंच काम असतं. त्या दोन वर्षांत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आणि कोविडचा मृत्यू असला की घरच्यांनाही कधीकधी लांबूनच बघावं लागलं. भिंतीला टेकून उभं राहणं गेलं. उरला फोन, आणि फोनवर शब्द लागतात. एकोणीस वर्षांच्या पोराकडे ते कुठून असणार? म्हणून तुझ्यासारख्या पुष्कळांनी फोन हातात घेऊन खाली ठेवला.

तिकडे तुझ्या मित्राला मात्र वाटलं असेल की कुणाला काही पडलेलं नाही. दोन्ही बाजू मी ऐकल्या आहेत. न आलेले फोन लोकांच्या बरोबर लक्षात राहतात, पण उशिरा आलेल्या फोनने कुणी दुखावलेलं मी पाहिलेलं नाही. लांबलचक माफीनामा नको. 'तेव्हा फोन करायला हवा होता, धीर झाला नाही. काकांची आठवण येते' एवढं पुरे. काकांची एखादी गोष्ट आठवत असेल तर ती सांग. तू त्यांच्या स्कूटरवर तिसरा बसून गेला असशील, तर तेच सांग.

१०. मुलगी २०२० मध्ये सातवीत होती, आता कॉलेजात आहे. एकही जवळची मैत्रीण नाही. हे नुकसान कायमचं आहे का?

कायमचं म्हणायला आधार नाही. मात्र आपोआप भरून निघेल असंही नाही. एकटेपणावरच्या ६३ अभ्यासांचा एक आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की एकटेपणा किती तीव्र होता यापेक्षा तो किती काळ चालला याचा पुढच्या त्रासाशी जास्त संबंध असतो. म्हणजे २०२० मध्ये काय झालं त्यापेक्षा आज काय चाललंय ते महत्त्वाचं.

या मुलांच्या मधल्या काही पायऱ्या हुकल्या. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, निरोप समारंभ नाही, बाक वाटून घेणं नाही. शाळा अधूनमधून उघडल्या आणि मिटल्या, आणि कॉलेजं नीट उघडली ती २० ऑक्टोबर २०२१ ला. भांडून परत बोलायला लागणं ही गोष्ट मुलं सातवी-आठवीत शिकतात. तुमच्या मुलीला ती आता शिकायची आहे, आणि तिला वाटतंय की बाकी सगळ्यांना ती येते. त्यांनाही येत नाही.

'मैत्रिणी कर' हा सल्ला निरुपयोगी आहे. एकाच माणसांना आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी, काहीतरी करताना भेटता येईल अशी जागा हवी. एनएसएस, नाटकाचा ग्रुप, ट्रेकिंग, ढोलपथक, अभ्यासिका, काहीही. पहिले दोन महिने काही होत नाही. मग कुणीतरी विचारतं, 'परवा आली नव्हतीस?' तिथून सुरू होतं. झोप, भूक किंवा अभ्यास दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेला असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी तज्ज्ञांना दाखवा.

११. एमपीएससीच्या मुलांचं वेगळं काही होतं का?

होतं. सदाशिव पेठेत, नवी पेठेत राहणाऱ्या मुलामुलींचं सगळं जग म्हणजे अभ्यासिका, मेस आणि कॉट-बेसिसची खोली. लॉकडाऊन लागलं आणि हे तिन्ही एकदम मिटलं. मुलं गावी गेली. तिथे शाळूसोबती नोकरीधंद्याला लागलेले, आणि घरी रोज एकच प्रश्न: 'परीक्षा कधी?' त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण तारखा पुढे ढकलल्या जात होत्या. ११ मार्च २०२१ ला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली ती तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुन्हा लांबवली म्हणून. ती अखेर २१ मार्चला झाली.

अभ्यासिकेतला मित्र हा स्पर्धकही असतो. पण अपयश म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. गावात तसं समजणारं कुणी नव्हतं. शिवाय रेंजचा वांधा. सिंधुदुर्गात डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केल्याच्या बातम्या आल्या, त्याचं कौतुकही झालं. त्या झोपडीत माणूस एकटाच बसलेला होता, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

१२. नियम मोडून मित्राला भेटायला गेलो. आठवड्याने आजोबा पॉझिटिव्ह झाले, गेले. घरी कुणी काही म्हणत नाही. मी त्या मित्राशीही आता बोलू शकत नाही.

तुझ्यामुळेच झालं का, हे कधीच कळणार नाही. किराणा, दूध, शेजार, लसीची रांग, वाटा शंभर होत्या. 'तुझी काहीच चूक नाही' असं मी म्हणणार नाही, कारण तुला ते पटणार नाही. तू नियम मोडलास हे खरं. तू आजोबांचं वाईट चिंतलं नव्हतंस, हेही तितकंच खरं. दोन्ही एका वेळी बाळगता येतात, पण एकट्याने नाही. घरी कुणी काही म्हणत नाही याचा अर्थ ते तुला दोष देतात असाच असेल असं नाही. बहुधा त्यांनाही स्वतःचा काही हिशेब लागत नसेल. आधी घरातल्या एकाशी बोल. आत्याशी, काकांशी, ज्यांच्याशी जमेल त्यांच्याशी. आणि तो मित्र? तोही गेली काही वर्षं हेच मोजत असेल. भेटायला बोलावलं कुणी होतं?

१३. मित्र म्हणतो जगायचं नाही. 'कुणाला सांगितलंस तर मैत्री संपली' अशी शपथ घातलीय.

शपथ मोड. आजच.

त्याला सरळ विचार, 'जीव द्यायचा विचार येतोय का? काही ठरवलंयस का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नको. त्याच्या घरचं किंवा शिक्षकांपैकी एक मोठं माणूस सोबत घे. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तू स्वतः फोन करून 'मित्राबद्दल विचारायचंय' असं म्हटलंस तरी चालतं. धोका समोर दिसत असेल तर ११२.

युनिसेफच्या २०२१ च्या पाहणीत मानसिक त्रासासाठी मदत घेणं चांगलं, असं म्हणणारे भारतातले तरुण ४१ टक्के होते. २१ देशांची सरासरी ८३ टक्के. म्हणजे तुझ्या मित्राने कुणाला सांगू नको म्हणणं हे त्याचं एकट्याचं खूळ नाही. तो रागावेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. चालेल.

१४. मोबाइल काढून घेणं ही शिक्षा योग्य आहे का?

एरवी तुमचा तुम्ही ठरवा. पुन्हा कधी दारं बंद करायची वेळ आली तर नाही. तेव्हा फोन काढून घेतलात की मित्रही काढून घेतलेत. वेळ ठरवून द्या, आणि त्या वेळात खोलीबाहेर थांबा. खोली एकच असेल तर आपण पाण्याची बादली घेऊन नळावर जा.

१५. मास्क आणि लसीवरून आमची जुनी दोस्ती तुटली. जोडावी का?

तुटली ती मास्कवरून की मास्कच्या निमित्ताने? निमित्त असेल तर सोडून दे. मास्कवरून असेल, तर आता तो मास्कही कुणी घालत नाही. चहाला बोलव. विषय काढू नको. पैसे तू दे.